बीजाभोवतीचं पाणी आणि पाण्यासारखा पैसा

गेल्या वर्षभरात पेणच्या दवाखान्यात, आणि दर बुधवारी रोह्याला बसतो तिथे, मिळून सात-आठ जोडप्यांनी मला एकच प्रश्न विचारला. “डॉक्टर, बीजाभोवतीचं पाणी तपासलं की टेस्ट ट्यूब बेबी यशस्वी होणार की नाही हे आधीच कळतं म्हणे. खरं का?” कोणी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, कोणी कुठल्याशा सेंटरचं गुळगुळीत पत्रक आणलं.

उत्तर इथेच देऊन टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. नाही, कळत नाही. त्या पाण्यातला एखादा घटक मोजला, त्यानुसार उपचार बदलले, आणि त्यामुळे जास्त जोडप्यांच्या घरी पाळणा हलला, असं दाखवून देणारी एकही तपासणी आज आपल्या हातात नाही. कळतं असं छातीठोकपणे सांगणारा माणूस एक तर अभ्यासात कच्चा आहे, किंवा हिशेबात पक्का.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी सविस्तर. मी वंध्यत्वतज्ज्ञ नाही, साधा फिजिशियन आहे. “तुमचा काय संबंध?” असं काही मित्रांनी विचारलं. संबंध असा, की मुंबई-पनवेलच्या फेऱ्या मारून, पैसे संपवून, जाडजूड फाइल घेऊन माणसं शेवटी माझ्यासारख्याकडेच येतात. थायरॉइड माझ्याकडे असतो, साखर माझ्याकडे असते, आणि झोप उडालेली बाईही माझ्याकडेच येते. त्यामुळे ती फाइल मला वाचावी लागते.

हे पाणी असतं तरी कुठे

‘फॉलिक्युलर स्टडी’ हा शब्द मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या प्रत्येक बाईला पाठ असतो. पाळीच्या ठरावीक दिवशी सोनोग्राफी करून डॉक्टर सांगतात, “उजवीकडे सतराचं आहे, परवा पुन्हा या.” हे सतरा म्हणजे सतरा मिलिमीटर. अंडाशयात पाण्याने भरलेली एक बारीक पिशवी वाढत असते, तिला फॉलिकल म्हणतात. स्त्रीबीज या पिशवीत असतं. ते इतकं सूक्ष्म, की सोनोग्राफीत दिसतच नाही. दिसते ती पिशवी.

पिशवी वीस मिलिमीटरची झाली की आत साधारण चार मिलिलिटर पाणी मावतं. चहाचा चमचासुद्धा पुरता भरत नाही. हे पाणी नुसतं पाणी नसतं. त्यातला काही भाग रक्तातून झिरपून येतो आणि काही भाग बीजाभोवतीच्या पेशी स्वतः तयार करतात. त्यात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन असतं (रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट), ए.एम.एच. असतं, इन्सुलिनसारखे घटक, शेकडो प्रथिनं, जीवनसत्त्वं, पेशी जगल्या-खाल्ल्याचा कचरा, सगळं असतं. बीज अनेक दिवस या पाण्यात वाढतं. तेव्हा पाण्यात काय आहे यावरून बीजाबद्दल काही कळेल, ही कल्पना अगदी शहाणपणाची आहे. जगभरातले शास्त्रज्ञ काही दशकं तिच्या मागे आहेत ते उगीच नाही.

आय.व्ही.एफ.मध्ये दहा-बारा दिवस इंजेक्शनं देऊन एकाऐवजी बऱ्याच पिशव्या वाढवतात. मग ‘ट्रिगर’चं इंजेक्शन, आणि त्यानंतर चौतीस ते छत्तीस तासांनी भूल देऊन, योनीमार्गातून सोनोग्राफीत बघत, सुईने एकेक पिशवी रिकामी करतात. याला सगळे ‘पिकअप’ म्हणतात. सुईतून आलेलं पाणी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली जातं, त्यातून बीज शोधून उचलतात. बीज उचललं की पाण्याचं काम संपलं. ते टाकून देतात.

इथे थोडं थांबा, कारण माझ्या बऱ्याचशा रागाचं मूळ इथे आहे. हे पाणी हातात येतं कधी? पिकअपच्या दिवशी. म्हणजे इंजेक्शनं देऊन झाली, भूल दिली, सुई घातली, आणि खर्चाचा मोठा भाग होऊन गेला, त्यानंतर. ‘आय.व्ही.एफ. करावं की नाही हे आधी कळेल’ असं ज्या पत्रकात लिहिलंय, ते लिहिणाऱ्याला पिकअप कधी होतं एवढं तरी ठाऊक असेलच की!

मुंबईतलं काम

हे संशोधन फक्त परदेशात चालतं असं नाही. मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या शेजारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्याची संस्था आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी के.ई.एम.मध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, ती डॉ. इंदिरा हिंदुजा आणि या संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या संयुक्त कामातून. (त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ते करून दाखवलं होतं आणि व्यवस्थेने त्यांची थट्टा केली. त्यांची कागदपत्रं वाचून पहिलेपणाचा मान त्यांनाच द्या, असं जाहीरपणे म्हणणारे पुन्हा आनंद कुमारच. असे शास्त्रज्ञ असतात.)

याच संस्थेत डॉ. श्राबणी मुखर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉलिकलच्या पाण्यातल्या प्रथिनांची मोजदाद केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ४८० प्रथिनांची यादी होती, त्यातली बरीचशी या पाण्यात आधी कोणी नोंदवलेलीच नव्हती. २०१५ मध्ये त्यांनी पी.सी.ओ.एस. असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या पाण्याची तुलना केली. या निबंधात डॉ. हिंदुजांचंही नाव आहे. पी.सी.ओ.एस.मध्ये अनेक प्रथिनांचं प्रमाण बदललेलं दिसलं. ही प्रथिनं पिशवीची वाढ, बीजाभोवतीच्या पेशींचं जाळं सैल होणं, नव्या रक्तवाहिन्या फुटणं अशा कामांतली आहेत. पी.सी.ओ.एस.मध्ये बीज नीट पक्व का होत नाही याचा हा माग आहे. मोलाचं काम आहे, आणि ते आपल्या कराच्या पैशातून, आपल्या बायकांनी दिलेल्या नमुन्यांवर झालं आहे, याचा मला अभिमान वाटतो.

पण आजार समजून घेण्यासाठी केलेला अभ्यास ही एक गोष्ट, आणि ‘तुमच्या पाण्यात अमुक प्रथिन कमी आहे, म्हणून तुम्हाला मूल राहणार नाही’ असं एका बाईला सांगणं ही दुसरी. या दोहोंमध्ये मांडव्याहून मुंबई गाठावी एवढी खाडी आहे, आणि व्हिडिओवाले ती एका उडीत पार करतात.

४८० घटक मोजले, आणि शंभरात पाच वेळा योगायोगाने फरक दिसू शकतो असं धरलं, तर काहीही खरं नसताना चोवीस घटकांत ‘फरक’ दिसेल. शास्त्रज्ञांना हे माहीत असतं, ते त्यासाठी गणित सुधारून घेतात आणि पुन्हा दुसऱ्या बायकांत पडताळतात. पत्रक छापणाऱ्याला एकच घटक पुरतो. शिवाय हे पाणी फार चंचल. सुई घालताना चार थेंब रक्त मिसळलं की मोजमाप बदललं. बीज सुटत नाही म्हणून पिशवी धुतली तर पातळ झालं. दहा पिशव्यांचं पाणी एकत्र झालं तर कुठलं कोणत्या बीजाचं ते कळायला मार्ग नाही. वय, वजन, कोणती इंजेक्शनं दिली, ट्रिगर कोणता, या सगळ्याने ते बदलतं. आणि बाळ होणं हे एकट्या बीजावर कुठे आहे? नवऱ्याचे शुक्रजंतू आहेत, गर्भाच्या गुणसूत्रांचा मेळ आहे, गर्भाशय आहे.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट

एक उदाहरण जरा निवांत सांगतो. एवढं कळलं तर बाकीचं सगळं कळल्यासारखं आहे.

२०१० साली अमेरिकेतून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आय.व्ही.एफ. करणाऱ्या ८४ बायकांच्या फॉलिकलच्या पाण्यात ड जीवनसत्त्व मोजलं. ज्यांच्या पाण्यात ते जास्त, त्यांना दिवस जाण्याचं प्रमाण जास्त. दर एका नॅनोग्रॅममागे शक्यता सहा टक्क्यांनी वाढते, असा हिशेब निघाला. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. ड जीवनसत्त्व मोजा, कमी असेल तर द्या, मूल राहील. औषधाच्या दुकानात पुडी मिळतेच.

मूळ शास्त्रज्ञांनी काही खोटं सांगितलं नव्हतं. पण ‘ज्यांच्यात जास्त आहे त्यांना मूल राहिलं’ यावरून ‘जास्त दिलं तर मूल राहील’ हे निघत नाही. आमच्या पेणमध्ये जून-जुलैत ज्या गणपतीच्या कारखान्याबाहेर टेम्पोंची रांग असते, त्याच्या मूर्ती जास्त खपतात. म्हणून कोणी चार टेम्पो भाड्याने आणून आपल्या कारखान्याबाहेर उभे केले तर त्याच्या मूर्ती खपतील का? वजन जास्त असलं की ड जीवनसत्त्व कमी आढळतं, आणि वजन जास्त असलं की आय.व्ही.एफ.चं यशही कमी होतं. मग कमी पडलं ते जीवनसत्त्व की आणखी काही?

हे ठरवायचा एकच रस्ता आहे. ड जीवनसत्त्व कमी असलेल्या बायका घ्यायच्या, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाला खरं औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं खोटं. इटलीत हे केलं. ६३० बायका. एका गटाला ड जीवनसत्त्वाचा सहा लाख युनिटांचा एकच मोठा डोस, म्हणजे आपल्याकडच्या साठ हजारांच्या दहा पुड्या एकदम. (घरी कृपा करून असं करू नका.) निकाल २०२१ मध्ये आला. औषध घेतलेल्यांत ३७ टक्क्यांना दिवस गेले, खोटं औषध घेतलेल्यांत ४० टक्क्यांना. म्हणजे काडीचाही फायदा नाही.

आता मला सांगा, यातला २०१० चा अभ्यास तुम्ही ऐकलाय ना, कोणाच्या ना कोणाच्या तोंडून? आणि २०२१ चा? पहिला विकता येतो. दुसरा विकता येत नाही.

ड जीवनसत्त्व फारच कमी असेल तर हाडांसाठी, स्नायूंसाठी जरूर घ्या. स्वस्त आहे. मूल राहावं म्हणून घेताय, असं मात्र स्वतःला सांगू नका.

‘तुमचं बीज खराब आहे’

खरं सांगायचं तर खुद्द पाण्याची तपासणी आपल्याकडच्या बिलांत मला अजून दिसलेली नाही. दिसतात ते तिच्या नावाने आलेले पाहुणे. पाण्यात ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ दिसतो, म्हणून तीन महिने अँटिऑक्सिडंटच्या महागड्या गोळ्या. पाण्यात वाढीचे घटक असतात, म्हणून स्वतःच्याच रक्तातून ते काढून सुईने अंडाशयात टोचायचे, याला पी.आर.पी. म्हणतात, आणि जाहिरातीत ‘अंडाशय पुन्हा तरुण’. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये अशा जोड-उपचारांचा एकेक करून आढावा घेतला. अंडाशयात पी.आर.पी. टोचू नये, असं त्यांनी स्वच्छ म्हटलं आहे.

हमरापूरकडचं एक जोडपं माझ्याकडे येतं. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) दोघंही गणपतीच्या कारखान्यात. ती डोळ्यांची आखणी करते, हात इतका स्थिर की बघत राहावं. एक आय.व्ही.एफ. फसलं. का फसलं, याचं प्रामाणिक उत्तर ‘माहीत नाही, बऱ्याचदा फसतं’ असं होतं. तिला सांगितलं गेलं, “तुमच्या एगची क्वालिटी चांगली नाही.” दुसऱ्या खेपेआधी ‘क्वालिटी’ सुधारण्याचं पॅकेज, सत्तर हजारांचं. त्यासाठी तीन महिने थांबले. वय अडतीस. वाढत्या वयात तीन महिने काय असतात हे पॅकेज विकणाऱ्याला माझ्याहून चांगलं माहीत असणार.

सत्तर हजार वजा तीन महिने एवढाच हिशेब असता तरी मी चिडलो असतो. पण ते ‘बीज खराब’ घरी गेलं. सासूबाईंपर्यंत गेलं. तिथून भावकीत. हळदीकुंकवाला बोलावणं कमी झालं. नवऱ्याचा रिपोर्ट फाइलमध्ये खाली दबला होता, त्यात शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल दोन्ही कमी होती; त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. मूल न होण्यात सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडच्या कारणाचा वाटा असतो. त्याची पहिली तपासणी काही शे रुपयांत होते. तरी बाईची सगळी चाचपणी झाल्यावर, अगदी शेवटी, नाइलाजाने त्याची पाळी येते.

रक्तातल्या ए.एम.एच.चं तेच. याच पिशव्यांमधल्या पेशी हे संप्रेरक बनवतात, थोडं रक्तात उतरतं. साठा किती शिल्लक आहे आणि इंजेक्शनं दिल्यावर साधारण किती बीजं मिळतील याचा अंदाज त्यावरून येतो. डोस ठरवायला ते उपयोगी आहे. बीज चांगलं की वाईट हे ते सांगत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत तीस ते चव्वेचाळीस वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ७५० बायकांचा अभ्यास झाला. ए.एम.एच. कमी असलेल्यांना नैसर्गिकरीत्या दिवस जाण्यात काहीच कमी पडलं नाही. बारा पाळ्यांपर्यंतचा अंदाज निघाला तो कमी असलेल्यांत ८४ टक्के, नॉर्मल असलेल्यांत ७५. हा फरक गणिताने मोजण्यासारखा नव्हता. तरीही लग्नाला वर्ष न झालेल्या सव्वीस वर्षांच्या मुलीला ए.एम.एच.चा आकडा दाखवून “आता आय.व्ही.एफ.शिवाय पर्याय नाही” असं सांगितल्याचं मी दोनदा ऐकलं आहे. तिला एवढंच सांगायला हवं होतं की नियमित संबंध ठेवून वर्षभर वाट बघ. पस्तिशीपुढे असतीस तर सहा महिने म्हटलं असतं.

‘आशेला किंमत नसते, डॉक्टर’

एका वंध्यत्वतज्ज्ञ मित्राशी यावर वाद झाला. तो प्रामाणिक आहे, म्हणून त्याचं म्हणणं मांडतो. तो म्हणाला, “तुझं बरोबर आहे, पुरावा नाही. पण तपासणीने शंभर टक्के नाही तरी थोडा अंदाज येत असेल तर वाईट काय? आणि पेशंटच म्हणतात, जे जे शक्य ते करा.”

अंदाजाचं बघू. समजा पाण्यातली एखादी खूण बरीच चांगली निघाली. ज्यांना दिवस जाणार आहेत त्यांतल्या ७० टक्क्यांना ती ‘चांगली’ म्हणते आणि ज्यांना जाणार नाहीत त्यांतल्या ६० टक्क्यांना ‘वाईट’. शंभर जोडपी घेतली, त्यांतल्या तिसांना यश येणार आहे असं धरलं. मग ‘चांगला’ शिक्का ४९ जणींना मिळेल, त्यांतल्या २१ जणींना दिवस जातील. ‘वाईट’ शिक्का ५१ जणींना, आणि त्यांतल्याही ९ जणींना दिवस जातील! आता त्या ५१ जणींचं तू काय करणार? गर्भ तयार आहेत, फ्रीजरमध्ये आहेत. सोडून जाणार नाहीस, सोडायचेच आहेत. म्हणजे त्या कागदाने तुझं काम बदललं नाही, फक्त ५१ बायकांची पंधरा दिवसांची झोप उडवली. हा काही खऱ्या अभ्यासाचा आकडा नाही, मी कागदावर मांडलेला हिशेब आहे. पण कोणत्याही तपासणीला हाच प्रश्न विचारायचा: उत्तर आल्यावर आपण वेगळं काय करणार, आणि तसं केल्याने कोणाचं भलं झाल्याचं सिद्ध आहे?

राहिली आशा. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला ओरखडा काढला की गर्भ रुजतो, अशी आशा वर्षानुवर्षं विकली गेली. १३६४ बायकांवर चाचणी झाली, निकाल २०१९ मध्ये आला: ओरखडा काढलेल्यांत आणि न काढलेल्यांत बाळ होण्याचं प्रमाण २६.१ टक्के, दशांशासकट सारखंच. अस्तराचा तुकडा तपासून गर्भ कोणत्या तासाला सोडायचा हे सांगणारी महागडी तपासणी आली. २०२२ मध्ये तिची चाचणी प्रसिद्ध झाली: तपासणीप्रमाणे सोडलेल्यांत ५८.५ टक्के बाळंतपणं, नेहमीप्रमाणे सोडलेल्यांत ६१.९. या आशांना किंमत होती, आणि ती जोडप्यांनी रोख भरली. सत्तर हजार म्हणजे आमच्याकडच्या माणसाच्या पुढच्या आय.व्ही.एफ.चा तिसरा हिस्सा. आय.व्ही.एफ.मध्ये यश बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात येतं, हे सगळ्या सेंटरना ठाऊक आहे. पॅकेजमध्ये पैसे संपवून त्या माणसाचा तो प्रयत्नच तुम्ही काढून घेता. धाटावच्या कारखान्यात कंत्राटावर असलेला तरुण दोन पाळ्या करून कर्ज फेडतो. इकडे जागांना भाव आलाय, त्यामुळे काही जण वाडीचा तुकडा विकतात. जागा विकल्याचं कळलं की पॅकेजही फुगतं, असा मला दाट संशय आहे.

यशाचा सगळ्यात भरवशाचा अंदाज कशावरून येतो, तर बाईच्या वयावरून. ब्रिटनमधली सरकारी देखरेख संस्था दरवर्षी आकडे जाहीर करते. २०२२ मध्ये तिथे स्वतःच्या बीजापासून केलेल्या उपचारांत, आत सोडलेल्या दर गर्भामागे बाळ होण्याचं प्रमाण अठरा ते चौतीस वयात सुमारे ३५ टक्के होतं, त्रेचाळीस-चव्वेचाळीसला सुमारे ५. आधार कार्डावरून जो अंदाज येतो, त्यात भर घालणारी फार थोडी यंत्रं अजून निघाली आहेत.

माझ्या बिरादरीबद्दलही बोलतो, नाहीतर हे एकतर्फी होईल. मधले आम्ही, गावातले डॉक्टर, काय करतो? नवऱ्याची वीर्यतपासणी, बीज सुटतं का ते बघणं, थायरॉइड, साखर, गरज पडली तर नळ्यांचा एक्स-रे, आपल्याकडे टी.बी.चा विचार. एवढं इथेच होतं, त्याला मुंबई लागत नाही. ते न करता “मॅडमना भेटून या” म्हणून चिठ्ठी देणारे आमच्यात आहेत, आणि त्या चिठ्ठीमागे पाकीट असतं हेही उघड गुपित आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा काढला तेव्हा आमच्या बैठकांमध्ये जे चेहरे मी पाहिले, ते अजून आठवतात. पेशंटच्या खिशातूनच ते पाकीट भरतं. पॅकेज महाग असण्याचं तेही एक कारण.

तुमच्या हातात काय आहे

देशात याबद्दल कायदा आहे. सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचा २०२१ चा कायदा, २५ जानेवारी २०२२ पासून लागू. क्लिनिकची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणायला लाजू नका. बाईचं वय एकवीस ते पन्नास, पुरुषाचं एकवीस ते पंचावन्न, या मर्यादेतच उपचार करता येतात. आणि आपल्या विषयाशी थेट संबंध असलेली तरतूद अशी, की यशाची शक्यता, फायदे-तोटे, खर्च, दुष्परिणाम आणि दत्तक घेण्याचा पर्याय हे सगळं जोडप्याला समजावून सांगणं ही क्लिनिकची जबाबदारी आहे. ते उपकार करत नाहीत. लेखी संमतीशिवाय काही करता येत नाही, आणि मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका.

सेंटरमध्ये बसल्यावर विचारा: आमच्या वयाच्या किती जोडप्यांना तुमच्याकडे मागच्या वर्षी जिवंत बाळ झालं? ‘प्रेग्नन्सी पॉझिटिव्ह’चा आकडा नको, बाळाचा हवा. हे जे जास्तीचं सांगताय ते न करता नुसतं आय.व्ही.एफ. केलं तर काय फरक पडेल? ते केल्याने बाळं जास्त होतात हे दोन गट करून कोणी तपासलं आहे का? ‘तपासलं आहे’ म्हणाले तर नाव लिहून घ्या आणि मला आणून दाखवा, मी वाचून सांगतो. ‘गॅरंटी’ हा शब्द कोणी उच्चारला, तर चहा पिऊन उठा.

आणि एखाद्या सरकारी संस्थेने संशोधनासाठी ते टाकून द्यायचं पाणी मागितलं, माहितीपत्रक दिलं, नीट समजावलं, पैसे मागितले नाहीत, तर खुशाल द्या. तुम्हाला त्याचा फायदा होणार नाही असं ते स्वतःच त्या पत्रकात लिहितात. पाणी मागणारा खरा कोण, हे त्या एका वाक्यावरून ओळखता येतं.

फाइल घेऊन येणाऱ्यांना एक विनंती. बिलं वेगळी काढून घरी ठेवू नका, सगळी आणा, तारखेप्रमाणे लावून. नवऱ्याचा रिपोर्ट सगळ्यात वर ठेवा. आणि शक्यतो नवऱ्यालाही आणा. बुधवारी रोह्याला संध्याकाळी सातनंतर थांबतो, म्हणजे पहिल्या पाळीच्या लोकांना सुट्टी काढावी लागत नाही. नळ्यांच्या एक्स-रेबद्दल बऱ्याच जणींनी विचारलं आहे, दुखतं का, कधी करायचा, वगैरे. त्यावर पुढच्या लेखात.